आम्हाला ‘दुसरी व्यक्ती’ म्हणून मोजू नका

प्रति,
देखभाल विभागाचे प्रमुख आणि प्रशिक्षण समितीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

मी उच्चदाब उपकेंद्राच्या देखभाल विभागातला शिकाऊ उमेदवार. दुसरं वर्ष चालू आहे. याच विषयावर तुमच्याकडे रीतसर दोन अर्ज केले. दोन्हींची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचंही नाही. म्हणून तिसऱ्या अर्जाऐवजी हे उघड पत्र. आमच्या यार्डातून, म्हणजे उपकेंद्राच्या यंत्रं उभी असलेल्या उघड्या आवारातून, ज्यांच्या घरी वीज जाते त्यांनीही ते वाचावं. त्यांचा यात काय संबंध, ते पुढे येईल.

गेल्या महिन्यात सूचना फलकावर, रजेच्या यादीशेजारी, तुमचं परिपत्रक लागलं. त्यात दोनच कलमं आहेत. एक, तुकडीत माणसं कमी असतील तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या शिकाऊ उमेदवाराला ‘दुसरी व्यक्ती’ म्हणून धरावं. दोन, सरावासाठी ठेवलेला जुना बे (एका लाइनच्या यंत्रांचा संच) मोडून त्याचं साहित्य भांडारात जमा करावं, प्रात्यक्षिकं यापुढे चित्रफितींवर होतील. खाली सही, शिक्का आणि अंमलबजावणीची तारीख, पुढच्या महिन्याची एक.

बाहेरच्या वाचकांना ‘दुसरी व्यक्ती’ ही भानगड काय ते सांगायला हवं. यार्डात एकट्याने काम करायचं नाही, हा आमच्या कामातला अगदी पहिल्या दिवशी कानावर पडणारा नियम. एक जण पाना चालवतो, दुसरा त्याच्याकडे बघतो. बघतो म्हणजे खरोखर बघतोच. हातात हत्यार नाही, फोनवर बोलणं नाही. काम करणाऱ्याचं डोकं नटबोल्टात गुंतलेलं असतं. त्याचा हात कुठपर्यंत गेला, शिडी कुठे झुकली, दोरीच्या पलीकडे काय चालू आहे, याचं भान दुसऱ्याने ठेवायचं. परमिटच्या, म्हणजे काम सुरू करायच्या लेखी परवानगीच्या, कागदावर त्याच्या नावापुढे काम म्हणून काहीच नसतं. त्यामुळे मनुष्यबळाच्या तक्त्यात कात्री लावायला बसलं की पहिली नजर त्याच्यावर जाते.

आता माझी गोष्ट सांगतो. ही आजवर कुठल्याही वहीत लिहिलेली नाही.

पहिल्या वर्षाच्या शेवटी २२० केव्हीच्या (दोन लाख वीस हजार व्होल्टच्या) एका लाइन बेचं आउटेज होतं, म्हणजे कामासाठी तो ठरवून बंद ठेवला होता. काम ब्रेकर (प्रवाह तोडणारा मोठा स्विच) आणि सीटी (प्रवाह मोजण्यासाठीचा ट्रान्सफॉर्मर) यांच्यापुरतं. ब्रेकर ऑफ, दोन्ही बाजूंचे आयसोलेटर (जोड तुटलेला डोळ्यांना दिसावा म्हणून असलेले स्विच) उघडे, त्यांना कुलपं, अर्थिंग झालेलं (म्हणजे बंद भाग जमिनीशी जोडलेला), परमिट हातात. लाइन मात्र पलीकडच्या उपकेंद्रातून चार्ज, म्हणजे जिवंत, होती. मला सीटीची पोर्सिलेन पुसायला दिली होती. ती झाली. समोर लाइन आयसोलेटर दिसत होता आणि त्याच्या ब्लेडवर काळपट थर होता. मनात आलं, आलोच आहोत तर हाही पुसून टाकू, साहेब खूश होतील. लाल-पांढरी पट्टी वाऱ्याने सैल होऊन खडीवर लोळत होती. ती सुटलीय असं समजून मी ओलांडली, फायबरची शिडी आयसोलेटरच्या स्ट्रक्चरला टेकवली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

“थांब. हात खाली घे. तसाच मागे ये.”

आवाज चढलेला नव्हता. आमचे फोरमन, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, सात-आठ पावलांवर उभे होते. मी मागे आलो. मग त्यांनी बोट दाखवून विचारलं, हा आयसोलेटर कसा आहे? मी म्हटलं, उघडा आहे. “उघडा म्हणजे मेलेला काय?” मी गप्प. “अर्धा मेलाय. ब्रेकरकडचा. पलीकडचा अर्धा जिवंत आहे, लाइन तिकडून येतेय. आणि दोन्ही अर्धे एकाच स्ट्रक्चरवर उभे आहेत.”

पुस्तकात मी हे वाचलं होतं. आकृतीही काढली होती, तिला दहापैकी नऊ गुण होते. २२० केव्हीला जिवंत भाग आणि जमिनीशी जोडलेली कुठलीही वस्तू यांच्यात हवेतलं किमान अंतर दोन मीटरच्या आसपास लागतं, हेही पाठ होतं. म्हणजे हात लावायची गरजच नव्हती. वर चढून नुसतं फडकं पुढे केलं असतं तरी ते अंतर मी खाल्लं असतं.

काका त्या दिवशी काही करत नव्हते. सकाळपासून उभेच होते. एखादे साहेब फिरतीवर आले असते तर त्यांना वाटलं असतं, या तुकडीत एक माणूस जास्तीचा आहे.

काका पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. त्यांच्या जागेवर नवीन माणूस नाही. तुमच्या परिपत्रकाप्रमाणे ते जिथे उभे होते तिथे आता मी उभा राहायचं. त्या दिवशी शिडीवर दुसरा कोणी असता आणि खाली मी, तर मी काय केलं असतं हे मला चांगलं माहीत आहे. मी त्याला फडकं ओलं करून दिलं असतं.

ही गोष्ट तेव्हा का नोंदवली नाही, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. मी घाबरलो. काकाही म्हणाले, लिहिलंस तर तुझं वर्ष अडकेल आणि चौकशी माझ्या निवृत्तीपर्यंत चालेल. आज त्यांच्या परवानगीने लिहितोय. थोडक्यात टळलेला अपघात सांगितला तर सांगणाऱ्यावर शेकतो, अशी आपल्याकडची समजूत आहे. ती कोणी पसरवली माहीत नाही, पण ती खोडून काढणारं एकही परिपत्रक फलकावर लागलेलं मी पाहिलं नाही. म्हणजे तुमच्या दप्तरी आपलं यार्ड अगदी सुरक्षित असणार.

आता तक्रारी, एकेक करून.

पहिली, दुसऱ्या व्यक्तीला काय यावं लागतं याचा विचारच परिपत्रकात नाही. चार्ल्स डॅलझिएल या अमेरिकी संशोधकाने माणसांवर प्रयोग करून मोजलं होतं की एसी प्रवाह पुरुषांच्या बाबतीत सरासरी १६ मिलिअँपिअरच्या वर गेला की पकडलेली वस्तू सोडणं हातात राहत नाही. स्नायू आखडतात, मूठ उघडत नाही. बायकांसाठी त्याने काढलेला आकडा साडेदहाचा. आमच्या मार्शलिंग बॉक्समधल्या (यार्डातल्या वायरींच्या जोडण्यांच्या पेटीतल्या) हीटरचा पुरवठासुद्धा याच्या कितीतरी पट प्रवाह सहज देतो. म्हणजे अडकलेला माणूस स्वतःला सोडवणार नाही. सोडवेल तो दुसरा. आणि यार्डात सोडवणं म्हणजे धावत जाऊन ओढणं नव्हे. तसं केलं की एकाचे दोन होतात. आधी पुरवठा तोडायचा, कंट्रोल रूमला नेमक्या शब्दांत सांगायचं, जमिनीवर व्होल्टेजचा चढउतार असेल तर पाऊल किती टाकायचं ते ठरवायचं, बेल्टला लटकलेला माणूस उतरवायचा, मग छाती दाबायची. यातलं मला काय येतं? छाती दाबण्याचा वर्ग वर्षातून एकदा झाला, आम्हा सगळ्यांत मिळून एक पुतळा. माझा नंबर आला तेव्हा वर्गाची वेळ संपली. उंचावरून माणूस उतरवण्याचा सराव आजवर झालेला नाही. तरीही पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून मी ‘दुसरी व्यक्ती’.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट यात अजून आलीच नाही. दुसऱ्या माणसाला ‘थांबा’ म्हणता आलं पाहिजे. कपॅसिटर बँक (वीज साठवून धरणाऱ्या यंत्रांचा संच) ऑफ केल्यावर आत साठलेली वीज उतरवणारे डिस्चार्ज रेझिस्टर असले तरी व्होल्टेज उतरायला काही मिनिटं जावी लागतात, आणि त्यानंतरही अर्थिंग केल्याशिवाय हात लावायचा नसतो. आउटेजची वेळ संपत आलेली, कंट्रोल रूममधून फोनवर फोन, आणि पंचवीस वर्षं नोकरी झालेला तंत्रज्ञ म्हणतोय, चल रे, झालं असेल. तिथे घड्याळ दाखवून ‘अजून चार मिनिटं’ म्हणायची हिंमत एकोणीस-वीस वर्षांच्या अप्रेंटिसात असते का? ज्याच्या सहीने आपली हजेरी भरते त्याला आपण थांबवतो का? तुमच्यापैकी अनेक जण कधीकाळी अप्रेंटिस होता. तुम्हीच सांगा.

दुसरी तक्रार लॉगबुकची. मला लाज वाटतेय, पण सांगतो. माझ्या वहीत ‘टॅन डेल्टा चाचणी, स्वतः केली’ (म्हणजे इन्सुलेशन किती चांगलं उरलंय ते तपासणं) असं लिहिलंय आणि त्यावर सही आहे. त्या चाचणीत मी केबलचं रीळ धरून उभा होतो. ‘सीटी सेकंडरी शॉर्ट करणे’ यापुढेही सही आहे. चालू सीटीची सेकंडरी, म्हणजे मीटरकडे जाणारी बाजू, उघडी राहिली तर तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं, हे मला त्या सहीनंतर दोन महिन्यांनी कळलं, तेही एका ऑपरेटरने सहज गप्पा मारताना सांगितलं म्हणून. सहामाही तपासणीच्या आदल्या दुपारी एकाच पेनने, एकाच बैठकीत, आमच्या वह्यांमधली सगळी रिकामी घरं भरली गेली. सह्या करणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांना कामाचं उद्दिष्ट आहे, आउटेज आहेत, आणि वर आम्ही. वही रिकामी राहिली तर जाब त्यांनाच विचारला जातो. परंतु परिपत्रक निघालं ते याच वह्यांच्या भरवशावर, ‘दुसऱ्या वर्षापर्यंत उमेदवारांनी आवश्यक कौशल्ये प्राप्त केलेली असल्याने’ असं त्यात लिहिलंय. ते खरं नाही. माझ्या वहीपुरतं तरी मी स्वतः लिहून देतो की ते खरं नाही.

तिसरी तक्रार सराव बेची. इथे थोडा जास्त वेळ घेतो, कारण तो मोडल्याने काय जातं हे कागदावरून कळणार नाही.

यार्डाच्या कोपऱ्यात, कुंपणाला लागून, सेवेतून काढलेला एक ब्रेकर, एक आयसोलेटर, दोन सीटी आणि एक मार्शलिंग बॉक्स उभा आहे. कुठूनही पुरवठा नाही. त्या भंगारापाशी मी जेवढं शिकलो तेवढं वर्गात शिकलो नाही. अर्थिंगचंच घ्या. क्लॅम्प आधी जमिनीच्या बाजूला लावायचा, मग रॉडने वर तारेला. काढताना उलट, आधी वरचा, शेवटी जमिनीचा. वाचायला एक ओळ लागते. प्रत्यक्षात लांब रॉडच्या टोकाला जड क्लॅम्प, वर बघून मान अवघडलेली, हेल्मेट मागे सरकतंय, आणि क्लॅम्प तारेवर बसायच्या ऐवजी घसरतोय. पहिल्या दिवशी मला सहा वेळा करावं लागलं. सहाव्यांदा बसला, तेव्हा काका म्हणाले, आता काढ आणि परत लाव. मी काढायला सुरुवात केली ती खालून. त्यांनी काही न बोलता माझ्या हातावर टपली मारली. तो क्रम आता मी झोपेतही चुकणार नाही. चित्रफीत टपली मारत नाही.

ब्रेकरचा कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स, म्हणजे आतल्या जोडाचा रोध, मोजायला मी तिथेच शिकलो. १०० अँपिअर डीसी सोडायचा आणि मायक्रोओममध्ये आकडा वाचायचा. माझा आकडा असायला हवा त्याच्या तिपटीने आला. मी मोठ्या ऐटीत जाहीर केलं, कॉन्टॅक्ट गेलेत. काकांनी वर चढून बघितलं. व्होल्टेजची क्लिप मी करंटच्या क्लॅम्पवरच चावली होती, त्यामुळे क्लॅम्पचा स्वतःचा रोधही मोजला जात होता. क्लिप आत, थेट धातूवर लावली आणि आकडा खाली आला. ही चूक खऱ्या बेवर झाली असती तर धडधाकट ब्रेकर खोलायला निघालो असतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे, पुढच्या वेळी खरोखर वाढलेल्या आकड्याला ‘क्लिप चुकली असेल’ म्हणून सोडून दिलं असतं. चुका करायला जागा लागते. मेलेला बे ही ती जागा आहे.

सराव बेवर सगळंच शिकता येत नाही, हेही मान्य करतो. शेजारून जिवंत लाइन जात असली की दोन्ही टोकांनी ऑफ केलेल्या तारेवरही व्होल्टेज चढलेलं असतं. पहिल्यांदा खऱ्या लाइनवर रॉड नेला तेव्हा क्लॅम्प टेकायच्या आधी ‘चट्’ असा आवाज झाला आणि निळी ठिणगी दिसली. लाइन ऑफ आहे हे मला ठाऊक होतं, व्होल्टेज आहे का ते दाखवणारा डिटेक्टर आधी आणि नंतर चालू भागावर तपासून घेतला होता, तरी पोटात गोळा आला. ते खऱ्या ठिकाणीच शिकावं लागतं, मात्र तिथे हात थरथरू नयेत म्हणून आधीची सहा वेळांची घसरपट्टी मेलेल्या बेवर झालेली बरी. एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची नसते. भांडाराला त्या दोन सीटींची निकड असेल तर सीटी न्या. बाकीचं राहू द्या.

चौथी तक्रार. आम्ही दर तासाला रीडिंग लिहितो. तेलाचं तापमान, वाइंडिंगचं तापमान, वायूचा दाब, बॅटरीचं व्होल्टेज. कुठला आकडा बघून पळत सुटायचं हे मात्र आम्हाला नीट कोणी सांगितलेलं नाही. ब्रीदरमधलं (ट्रान्सफॉर्मरमध्ये जाणारी हवा कोरडी करणाऱ्या भांड्यातलं) निळं सिलिका जेल गुलाबी पडलं की ते ओलावा शोषून दमलंय आणि आता दमट हवा ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला जातेय, हे मला ठाऊक होतं म्हणून मी सलग दोन फेऱ्यांत शेरा लिहिला. विचारलं तर उत्तर मिळालं, “लिहिलंयस ना? मग झालं.” जेल बदललं गेलं ते तीन आठवड्यांनी.

आता ज्यांच्या घरी वीज जाते त्यांचा संबंध. २० मार्च २०२५ च्या रात्री लंडनच्या पश्चिमेकडच्या नॉर्थ हाइड उपकेंद्रात २७५ केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली. साठ हजारांहून जास्त ग्राहकांची वीज गेली आणि दुसऱ्या दिवशी हीथ्रो विमानतळ बंद ठेवावा लागला. जुलै २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय ऊर्जा यंत्रणा चालकाचा अंतिम अहवाल आला. एका बुशिंगमध्ये (तार ट्रान्सफॉर्मरच्या टाकीत नेणाऱ्या इन्सुलेटरमध्ये) बिघाड झाला होता आणि त्याचं कारण बहुधा आत शिरलेला ओलावा होतं. तेलाच्या नमुन्यात ओलाव्याचा वाढलेला आकडा दिसला होता जुलै २०१८ मध्ये. तो बघून जे करायला हवं होतं ते झालं नाही. म्हणजे चाचणी झाली होती, आकडा कागदावर होता, जवळपास पावणेसात वर्षं तो तिथेच होता. आमच्या वहीतल्या गुलाबी जेलचा आणि त्या बुशिंगचा आकार सारखा नाही, मला कळतं. पण ‘लिहिलंयस ना, मग झालं’ हे वाक्य दोन्हीकडे बसतं. आकडा लिहिणारा त्याचा अर्थ जाणत असेल तर तो तिसऱ्या फेरीला गप्प बसत नाही. तुम्ही आम्हाला अर्थ शिकवा, आम्ही गप्प बसणार नाही.

गवत काढण्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण आमच्या मागच्या अर्जाची त्यावरून थट्टा झाली. पहिले चार महिने आम्ही यार्डातलं गवत उपटलं आणि खडी पसरली. मला त्या कामाची लाज नाही. तक्रार वेगळी आहे. ती खडी शोभेची नसते. दहा-पंधरा सेंटिमीटरचा तो थर ओला झाला तरी मातीपेक्षा कितीतरी जास्त रोध देतो, आणि फॉल्टच्या क्षणी, म्हणजे बिघाडाने वीज जमिनीत शिरते तेव्हा, यार्डात उभ्या माणसाच्या पायांतून जाणारा प्रवाह त्यामुळे कमी राहतो. खडीत माती आणि गवत भरलं की तो रोध घटतो. हे मला कळलं आठव्या महिन्यात, एका जुन्या पुस्तकातून. चार महिने मी माणसं वाचवणारं काम करत होतो आणि मला वाटत होतं की मला शिक्षा झालीय. पहिल्याच दिवशी कोणी दोन वाक्यं बोललं असतं तर गवत उपटण्याचा धडाही झाला असता.

याहून गंभीर एक प्रकार घडला. एसएफ सिक्स नावाचा वायू भरलेल्या ब्रेकरचा चेंबर उघडला तेव्हा आत पांढुरकी पूड होती. ती पुसायला आमच्या एका सोबत्याला साधं फडकं दिलं, हातमोजे सुती, तोंडाला काही नाही. ब्रेकर उघडताना होणाऱ्या आर्कमुळे (मोठ्या ठिणगीमुळे) त्या वायूचं विघटन होऊन जे पदार्थ तयार होतात ते विषारी असतात, आणि ओलाव्याशी गाठ पडली की त्यांच्यातून हायड्रोजन फ्लोराइड निघतं. योग्य मास्क आणि मोजे भांडारात होते. ते कुलपात होते आणि किल्लीवाले रजेवर होते. त्या सोबत्याला दोन दिवस घसा आणि डोळे चुरचुरण्याचा त्रास झाला. याचीही नोंद नाही.

शेवटची तक्रार एका ओळीची. एका शिकवणाऱ्यामागे आम्ही नऊ जण आहोत, आणि त्या एकाला स्वतःचं पूर्ण काम आहेच.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. भरती तुमच्या हातात नाही. आउटेज मिळवायला किती पत्रव्यवहार करावा लागतो आणि ते ऐनवेळी रद्द झालं की किती ओरड होते, तेही पाहिलंय. माणूस नाही म्हणून काम पुढे ढकललं तर तुम्हाला वरून बोलणी बसतात. या सगळ्यावर स्वस्तात सापडलेला उपाय म्हणजे आम्ही. मात्र कागदावर जागा भरली म्हणून शिडीखालची जागा भरत नाही.

मागण्या अशा:

१. परिपत्रकातलं पहिलं कलम मागे घ्या. शिकाऊ उमेदवार तुकडीत असेल तर तो जादा माणूस, तुकडीच्या किमान संख्येत धरलेला नको. किमान संख्या पुरत नसेल तर काम त्या दिवशी होणार नाही, असं लेखी सांगा, म्हणजे तुकडीप्रमुखाला एकट्याला वाईटपणा घ्यावा लागणार नाही.

२. सराव बे जागेवर ठेवा. आठवड्यातला एक अर्धा दिवस त्यासाठी राखून ठेवा आणि तो आउटेजच्या कारणाने रद्द करू नका. चित्रफिती दाखवा, त्याला हरकत नाही, पण त्या आदल्या दिवशी दाखवा.

३. लॉगबुकात तीन वेगळी घरं करा: पाहिलं, मदत केली, स्वतः केलं. ‘स्वतः केलं’ यावर सही त्याच दिवशी आणि कामाच्या ठिकाणीच व्हावी. आमच्या आत्ताच्या वह्या पुन्हा तपासा. माझ्या कमी झालेल्या सह्यांबद्दल मी तक्रार करणार नाही.

४. बचावाचा आणि प्रथमोपचाराचा सराव दर तीन महिन्यांनी, प्रत्येकाचा नंबर येईपर्यंत. उंचावरून माणूस उतरवणं त्यात हवंच.

५. थोडक्यात टळलेल्या घटना नोंदवायला वही ठेवा आणि नोंदवणाऱ्यावर कारवाई होणार नाही असं फलकावर लावा. त्यातली पहिली नोंद माझ्या शिडीची करतो, दुसरी त्या पांढऱ्या पुडीची.

६. संरक्षक साहित्याची दुसरी किल्ली शिफ्टमध्ये असू द्या. याला खर्चसुद्धा नाही.

७. काकांसारखे जे निवृत्त होतायत त्यांना, त्यांची इच्छा असेल तर, फक्त शिकवण्यासाठी मानधनावर बोलवा. ट्रान्सफॉर्मरच्या कूलरच्या पंख्याचं बेअरिंग जाणार हे ते आवाजावरून आठवडाभर आधी सांगतात. कानाचं हे शिक्षण मला अजून मिळालेलं नाही.

परमिटवर ‘दुसरी व्यक्ती’ म्हणून सही करायला मला बोलावलं तर मी नम्रपणे नकार देईन. हा कामाला नकार नाही. यादीत लिहिलेलं लाइन बेचं आउटेज पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, बहुतेक त्याच बेचं. मी हेल्मेट, बेल्ट घालून वेळेच्या आधी हजर असेन. रॉड द्या, रॉड धरीन. फडकं द्या, पुसायच्या आधी विचारीन की कुठपर्यंत. फक्त मी विचारीन तेव्हा उत्तर देणारा माणूस तिथे उभा असू द्या, रिकाम्या हाताने.

कळावे,

आपला,
एक शिकाऊ उमेदवार, दुसरं वर्ष
(सोबत दोन्ही अर्जांच्या पोचपावत्यांच्या प्रती)